पडद्याला टेकवलेलं खोकं

“एकट्याने उचलू नकोस,” असं धाकटी म्हणेपर्यंत दादाने स्पीकरचं खोकं टेम्पोतून उतरवलंही होतं.

पूर्वी हेच खोकं हलवायला दोन दांडगे गडी लागत, आणि दोघंही मग दिवसभर कंबर धरून बसत. आत चार स्पीकर, बाहेर जाड लाकूड, कोपऱ्यांना लोखंड. आता थरथरत्या हातांचा दादा ते उशीसारखं उचलायचा. हलक्या चुंबकांचे नवे स्पीकर बसवून घेतलेत, वयाबरोबर माणसाने ओझं कमी करावं, असं त्याने सांगितलं होतं. त्यावर बँडमधल्या सगळ्यांनी मिळून त्याला सुचवलं होतं की मग सुरुवात पोटापासून कर.

रंगमंचावर त्याने खोकं मागच्या पडद्याला अगदी टेकवून ठेवलं. एके काळी हाच दादा खोकं आणि पडदा यांत हातभर जागा सोडल्याशिवाय तार लावत नसे. खालचा सूर कोंडला की घुमतो, त्याला श्वास घ्यायला जागा द्यावी, असं तोच सगळ्यांना शिकवायचा. हल्ली विचारलं तर म्हणायचा, पाठीला आधार बरा वाटतो.

खोक्यावर त्याने ॲम्प्लिफायर ठेवला, बास गिटारची तार खोचली. तांबडा दिवा लागला. मिक्सरवाल्याने येऊन खोक्यासमोर माईक उभा केला. शेजारीच धाकटीने आपले ड्रम मांडले.

त्या माईकचं मिक्सरवरचं बटण वर्षभर बंद होतं, हे सगळ्यांनी दादापासून लपवलं होतं.

वर्षापूर्वी दादाच्या उजव्या हाताची बोटं ऐकेनाशी झाली. तारेवर एकदा पडायचं बोट दोनदा पडू लागलं. डॉक्टरांनी धाकटीला बाजूला घेऊन सांगितलं की ही उतरणीची वाट आहे, पुढे चढ नाही. आईबापांच्या मागे दादानेच तिला वाढवलं होतं, तिच्या हातात काठ्या दिल्या होत्या, हा बँड उभा केला होता. त्याला ‘आता पुरे’ म्हणायचं कोणत्या तोंडाने?

मग तिनेच युक्ती काढली. दादाच्या खोक्याचा आवाज दादाच्या पाठीपुरता राहील. लोकांना ऐकू येईल ते बाईचं वाजवणं. बाई शाळेत गणित शिकवायची, पण बास दादाकडेच शिकलेली. पडद्यामागे खुर्ची टाकून ती वाजवायची, आणि तिची तार थेट मिक्सरला जायची. दादाला सांगितलं, बाई वाद्यं जुळवायला येते. दादा नुसतं “बरं” म्हणाला. धाकटीने सगळ्यांकडून शपथ घेतली.

सुरुवातीला शेजारच्या खोक्यातून येणारे दादाचे चुकार ठोके तिच्या काळजात रुतायचे. नवे स्पीकर आले आणि ते ठोके थांबले. एकही ऐकू येईना. नव्या गोळ्या लागू पडल्या म्हणायच्या. आनंदाने ती रडली, आणि दुसऱ्याच क्षणी शरमली. जित्या माणसाचा सूर आपण झाकून ठेवलाय.

म्हणून आज तिने ठरवलं होतं. शेवटचं गाणं नुसत्या बासवर सुरू होतं, आणि ते दादाचं होतं.

“शेवटच्या गाण्याला त्याचा माईक उघड,” तिने मिक्सरवाल्याला सांगितलं.

“आणि बोट घसरलं तर?”

“घसरलं तर घसरलं. त्याचं आहे, त्याला दे.”

बाईला तिने त्या गाण्यात हात मांडीवर ठेवून बसायला सांगितलं. बाईचा चेहरा उतरला. “ताई, नको,” एवढंच ती म्हणाली.

“तुमचा भरवसा नाही का त्याच्यावर?”

बाई मान खाली घालून पडद्याआड गेली.

आवाज तपासताना मिक्सरवाल्याने दादाला एकट्याने थोडं वाजवायला सांगितलं. दादा हसला. “पाया बघायला कोणी जातं का रे? घर बघ.” आणि पाणी प्यायला निघून गेला.

हॉल भरला. गाण्यामागून गाणं रंगत गेलं. प्रत्येक गाण्याआधी दादा वळायचा, ॲम्प्लिफायरवर वाकायचा, त्यावर बोटाने दोनदा टकटक करायचा आणि मान हलवायचा. ही खोडही वर्षभरातलीच. धाकटी त्याला चिडवायची, नैवेद्य दाखवतोस का खोक्याला?

शेवटचं गाणं आलं. दिवे मंदावले. दादा वाकला, टकटक केली, मान हलवली आणि लोकांकडे वळला. मिक्सरवाल्याने बटण वर सरकवलं. धाकटीने काठ्या छातीशी धरल्या.

दादाची बोटं तारांवर उतरली. थरथरत, अडखळत, पण चालू लागली. डोळे मिटलेले, ओठांवर गाणं.

हॉलमध्ये काहीच ऐकू आलं नाही.

मिक्सरवाल्याने बटण पार वर नेलं. शांतता. ॲम्प्लिफायरचा तांबडा दिवा जळतच होता. धाकटीने हात लांबवून काठीचं टोक खोक्यावर हळूच मारलं. रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. तिने जाळीच्या कापडावर बोटं दाबली, तर ती आत जातच राहिली. मागे स्पीकर नव्हतेच.

पहिल्या रांगेत कोणीतरी खोकलं.

दादाने डोळे उघडले. घाबरला नाही. तारांवरचा हात न थांबवता तो वळला, खोक्यावर वाकला आणि पडद्याच्या चुणीशी तोंड नेऊन, घरातल्या माणसाला उठवावं तसं हलकेच म्हणाला,

“चला बाई, रोजच्यासारखं.”