काटा पन्नासावर

गिरणी सुरू झाली आणि घरोघरी लावलेला, विजेची वारंवारता दाखवणारा काटा पन्नासाखाली घसरला. ओढ्यावरचं वीजघर सांभाळायला इंजिनियर मृण्मयीने बायकांना एकच नियम शिकवला होता: काटा उतरला की एक दिवा बंद करा, चढला की लावा.

पण बायका भलत्याच प्रामाणिक! सगळ्याजणींनी एकदम दिवे बंद केले. काटा उसळला. सगळ्याजणींनी एकदम लावले. अख्खी वाडी काजव्यासारखी लुकलुकायला लागली. असं चाललं तर यंत्रच बसणार! मृण्मयी डोकं धरून बसली.

"ताई, बटण दाबायच्या आधी प्रत्येकीने उखाणा घ्यायचा," गिरणीवाली ठकूबाई म्हणाली. "कुणाचा आखूड, कुणाचा लांबलचक. सगळ्याजणींचा एकदम कधीच संपत नाही. संपल्यावरही काटा खालीच असेल तर दाबायचं."

पुन्हा गिरणी लावली. काटा घसरला. एकेक दिवा मालवत गेला आणि काटा थरथरत पन्नासावर ठरला.

तोच समोरच्या दारातून ओरडा आला, "थांबा की गं! यांचं नाव तर अजून यायचंच होतं!"