मागे काय काढायचं

सरदार घराण्याच्या गादीवर जो बसेल, त्याचं तैलचित्र काढायचं काम पिढ्यानपिढ्या आमच्याकडे आहे. मागचा देखावा मात्र सरकार स्वतः सांगतात. पणजोबांनी मागे नदी काढली. वर्षभरात तिच्या काठावर घराण्याच्या गिरण्या उभ्या राहिल्या. आजोबांनी टेकडी काढली, तिची खाण झाली. बाबांनी खेळाचं मैदान काढलं, तिथे घराण्याच्या नावाचं नाट्यगृह आलं. आज सगळं शहर त्यांच्याच पगारावर जगतं, त्यांचीच नाटकं बघतं आणि त्यांचेच गोडवे गातं. मीही गातो.

गेल्या महिन्यात धाकटे सरकार माझ्यासमोर खुर्चीत बसले.

"मागे काय घेऊ, सरकार?"

त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "हे दिसतंय ना, तेच घ्या."

खिडकीखाली आमची गल्ली होती. पण सरकारांना नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. महिनाभर खपून मी एकेक घर काढलं, एकेक शेजारी काढला. आमच्या गच्चीवर हिरवी चादर वाळत घालणारी बायकोही काढली. तिला सांगितलं तर हसून म्हणाली, "काढताच आहात तर जरा बारीक काढा मला!"

आज सकाळी सरकारांनी चित्र अगदी जवळून पाहिलं. खूश झाले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गल्ली हुबेहूब उतरलीय."



"माणसं तेवढी पुसून टाका."