दोन डॉक्टर

सिनेवाच्या बापाला महारोग झाला तेव्हा बर्गन शहरातून आलेले म्हातारे डॉक्टर तिला म्हणाले, "हा रोग रक्तातून उतरतो, पोरी. तू लग्न करू नकोस." खाडीपलीकडच्या आन्फिनशी तिचं ठरलं होतं. तिनं ते मोडलं आणि बापाची सेवा करत राहिली. रक्तातलं दुखणं शिवल्यानं थोडंच येणार, म्हणून ती त्याच्या जखमा उघड्या हातांनी धुवायची, त्याच्याच थाळीतली लापशी खायची.

पुष्कळ वर्षांनी नवे, तरुण डॉक्टर होडीतून आले. "रक्तबिक्त काही नाही. हा रोग संसर्गानं होतो. तुम्ही खुशाल लग्न करा." मग बापाकडे बघून आवाज खाली आणत म्हणाले, "यांच्यापासून मात्र लांब राहा."

बातमी कळताच आन्फिन हातातलं जाळं तसंच टाकून आला. तोही अजून एकटाच होता. "आता तरी हो म्हण, सिनेवा!"

ती मागं सरकली. "जवळ येऊ नकोस. तेव्हा होणाऱ्या पोरांसाठी भ्याले, आता तुझ्यासाठी भिते."

"म्हणजे तेव्हा रक्तामुळे नकार, आणि आता हातांमुळे नकार?"

"मला काही कळेनासं झालंय रे."

आन्फिनलाही कळेना. मग पुढं होऊन त्यानं तिचे दोन्ही हात धरले. "पहिला डॉक्टर चुकला ना? मग दुसराही चुकला असेल."

नक्की कोणत्या डॉक्टरच्या भरवशावर आपण हात सोडवून घेत नाही आहोत, हे सिनेवाला उमगेना.