सोमवारपर्यंत

गरोदर बाईच्या रक्तावरून पोटातल्या बाळाची जनुकीय चाचणी करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत नणंदबाई नोकरीला होत्या. निकाल डॉक्टरच सांगणार, आपण घरच्या माणसापाशीही ब्र काढायचा नाही, असं त्यांनी सही करून दिलं होतं. भावजय रोज संध्याकाळी विचारायची, "ताई, आला का हो माझा रिपोर्ट?" आणि त्या रोज "मला विचारू नकोस" म्हणून तिला उडवून लावायच्या.

आज दुपारी तो आला. भावजयीच्या नावापुढे 'धोका जास्त' असं होतं, आणि तिची डॉक्टरांची भेट थेट सोमवारी होती. म्हणजे अजून चार दिवस त्याच घरात तिच्यासमोर वावरायचं आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.

संध्याकाळी भावजयीने काही विचारलंच नाही, मुकाट्याने ताट वाढलं. भाजी इतकी खारट होती, की तोंडात घालवत नव्हती. एरवी एवढ्यावर नणंदबाईंनी तिच्या अख्ख्या माहेराचा उद्धार केला असता. आज त्यांनी खाली मान घालून ताट चाटूनपुसून साफ केलं, "छान झालीय गं भाजी," म्हणाल्या, आणि तिला उठू न देता स्वतःच भांडी घासायला लागल्या.

 

पाठीमागून भावजयीचा आवाज आला, "मीठ मी मुद्दाम जास्त घातलं होतं, ताई."