फुटलेले कान

हलगी कडाडली, पुकारणाऱ्याने मच्छिंद्रचं नाव घेतलं आणि त्याला कळलं, हे आबांनीच, त्याच्या वडिलांनी, कुस्तीला देऊन ठेवलंय. आता खर्ड्याच्या जत्रेत, एवढ्या माणसांपुढे, नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने थकल्या हातांनी सदरा काढला. उजवा खांदा गेल्या रविवारपासून वर होत नव्हता.

मच्छिंद्रला कुस्तीचा एक डाव येत नव्हता. तो नगरला लष्कराच्या वर्कशॉपात फिटर होता आणि दर रविवारी साहेबलोकांच्या संघातून रग्बी खेळायचा. बांगलादेशच्या लढाईत तेवढा खंड पडला होता. आठ जणांनी खांद्याला खांदा लावून डोकी खाली घालायची आणि समोरच्या आठांना रेटायचं. लांबट चेंडू घेऊन पळायचा दुसराच कुणीतरी, टाळ्याही त्यालाच. मच्छिंद्रच्या वाट्याला चिखल, लोकांचे बूट आणि शेवटी कपभर चहा. नऊ वर्षांत दोन्ही कान चेंगरून चेंगरून पैलवानासारखे गोळा झाले होते.

ते कान घेऊन तो पहिल्यांदा सुटीवर आला, तेव्हा आबांनी गावभर सांगितलं, पोरगं नगरला तालमीत जातंय. सहादेव आबा स्वतः जुने पैलवान. त्यांचेही कान तसेच. नगरहून गावी परतले ते मोडका गुडघा घेऊनच, म्हणून इथल्या मातीत कधी उतरले नाहीत. तरी जत्रेत फेटा बांधून पहिल्या रांगेत बसायचा मान त्यांचाच. त्यांचा उजळलेला चेहरा बघून मच्छिंद्रला खरं सांगवलं नाही. पहिल्यांदा जे जमलं नाही ते पुढे कसलं जमतंय!

समोर पाथर्डीकडचा गोरक्षनाथ होता, विशीतला. मच्छिंद्रने येत होतं तेच केलं. मान खाली, खांदा त्याच्या छातीत आणि रेटा. गोरक्षनाथ पार आखाड्याच्या कडेला गेला. लोक ओरडले. आबा तर काठी विसरून उभे राहिले. पंचाने दोघांना पुन्हा मध्ये आणलं. पुन्हा रेटा. तिसऱ्यांदा गोरक्षनाथ नुसता बाजूला झाला आणि त्याने मच्छिंद्रला कमरेवर घेतलं. मच्छिंद्र आपल्याच जोराने पाठीवर आला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच खेळता खेळता त्याला आभाळ दिसलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

घरी जाताना आबांनी फेटा काढून काखेत धरला होता. ओढ्यापाशी ते थांबले.

"असलं रेटनं कुठल्या तालमीत शिकिवत्यात रं?"

मच्छिंद्रने सगळं सांगून टाकलं. साहेब, चेंडू, नऊ वर्षं. "तालमीचं तोंड बी न्हाई बघितलं, आबा. तुमाला सांगायचा धीर झाला न्हाई. लई चुकलं."

आबा दगडावर बसले. मग त्यांचा हात सवयीने आपल्याच कानाकडे गेला.

"माजे कान पोत्यांनी घासून गेल्यात," ते म्हणाले. "गुडघा बी पोत्याखालीच मोडला. नगरच्या मालधक्क्यावर सात वर्सं हमाली केली म्या. गावानं कान बघितलं आन् पैलवान करून टाकलं. मला वाटलं, तू तरी खरा निघशील."