मणीची खाज

नोकरीसाठी मद्रासला गेलेल्या सौम्याने आपलं कुत्र्याचं पिल्लू, मणी, तंजावूरला वडिलांकडे, शेषगिरीरावांकडे ठेवलं होतं. पावसात त्याच्या पोटावर लाल चट्टे उठले, खाजवून खाजवून केस झडले. शेजारच्या बसड्रायव्हरच्या सांगण्यावरून शेषगिरीरावांनी मायेने त्याला इंजिनातलं जळकं ऑइल चोळलं. मणीने ते चाटलं. आज जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "खरूज साध्या औषधाने बरी झाली असती. तेल पोटात गेलंय. आता इलाज नाही." मलूल मणीला टॉवेलात गुंडाळून शेषगिरीराव घराकडे निघाले. सारं खरं सांगायचं ठरवून त्यांनी वाटेतल्या एसटीडी बूथवरून सौम्याला फोन लावला. "अप्पा, खाज गेली काय?" तिने विचारलं. "गेली," ते पुटपुटले. "इथेच आहे, माझ्या हातात." "मग फोन त्याच्या कानाशी धरा." त्यांनी धरला. ती लाडाने हाका मारत राहिली. मणीने डोळेही उघडले नाहीत. "ओळखलं काय?" "शेपूट हलवतोय," शेषगिरीराव म्हणाले.