खांबावरचं कापड

काचेच्या कपाटासमोर आजी थांबल्या त्या हलेचनात.

देशाच्या मुख्य विमानतळाला पन्नास वर्षं झाली म्हणून आगमन कक्षात प्रदर्शन मांडलं होतं. पहिल्या धावपट्टीचे पहिले रखवालदार म्हणून आजोबांना सपत्नीक बोलावलं होतं. कपाटात एक विटकी कापडी नळी टांगलेली. खाली पाटी : ‘वाऱ्याची दिशा दाखवणारं मूळ साधन. पहिलं विमान याच्याकडे पाहून उतरलं. विदेशी बनावट.’

“कसलं विदेशी?” आजी म्हणाल्या. “अहो, हा माझा पेटीकोट आहे.”

आजोबांना एकाएकी छताच्या रचनेत रस वाटू लागला.

“पांढरा दोरा संपला म्हणून कडेला हिरवा घातला होता मी. हा बघा.”

दोरा हिरवाच होता. प्रदर्शनाच्या अधिकारीबाईंनी त्याच्यावरूनच कारखान्याचा देश ठरवला होता.

“खरी नळी बोटीने येत होती,” आजोबा छताला म्हणाले. “विमान आधी आलं. एक तोंड रुंद, दुसरं निमुळतं, आकार अगदी तोच. दोरीवरून काढला, खांबावर चढवला. वारा कुठून येतोय ते वैमानिकाला कळायला नको?”

“मला म्हणालात चोरीला गेला!”

“मी ‘गेला’ एवढंच म्हणालो. चोरीला तू म्हणालीस.”

“आणि मी धाकट्या जावेवर आळ घेतला! पाठोपाठ किटली सापडेना, तीही तिच्याच माथी मारली. भिंतीला भिंत लागून घर, आणि पन्नास वर्षं अबोला!”

मंत्री यायला वीस मिनिटं होती. अधिकारीबाई नखाने पाटीवरची शेवटची ओळ खरवडू लागल्या. “आजी, इथे काय लिहू?”

“ते मागाहून. आधी तिला फोन लावा हो.”

आजोबांनी निमूटपणे लावला. आजींनी विमानतळाचा इतिहास एका दमात सांगितला. आतापर्यंतच्या भाषणांत कुणाला जमला नव्हता इतका थोडक्यात.

“तर तू चोर नाहीस गं,” त्यांनी समारोप केला. “पेटीकोटाचं चुकलं माझं, किटलीचंही चुकलं. सोडून दे, आणि बघायला ये.”

पलीकडचं उत्तर सगळ्या कक्षाला ऐकू गेलं :

“पेटीकोटाचं सोडलं, जाऊबाई. किटली येताना आणते.”